वादळाला कीबोर्ड हवा

आमच्या ह्यांनी आयुष्यात एक गोष्ट पटकन ठरवली असेल तर शपथ. दाढीचा ब्रश घ्यायचा तरी दुकानातले सगळे ब्रश गालावरून फिरवून बघतील आणि शेवटी ‘उद्या येतो’ म्हणून बाहेर पडतील. आमचं लग्न सासऱ्यांनी ठरवलं म्हणून झालं. ह्यांच्यावर सोडलं असतं तर मी अजून माहेरीच असते.

उभा जन्म शहराची बस चालवली. स्टिअरिंगवर बसले की वाघ, खाली उतरले की गोगलगाय. निवृत्त झाल्यावर काही महिने खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसना नावं ठेवली. मग मुलीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि हे एका गेमच्या नादी लागले. आपली पाच माणसं, समोरची पाच माणसं, एकमेकांना मारायचं. ह्यांची टोळी आपल्या भाषेत बोलणारी म्हणून ह्यांनी धरली. तिथे खरं नाव कुणी सांगत नाही. ह्यांनी ‘वादळ’ असं नाव घेतलं. जिना चढताना मध्ये दोनदा टेकणारं वादळ. बाकीचे चौघे तोंडाने बोलतात, हे नुसते ऐकतात. आवाज काढला तर वय कळेल ना.

मी हसायची. पण रविवारी सहाला खेळ असला की हे पाचलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, ते बघून हसू जिरायचं. बस चालवत होते तेव्हा थांब्याथांब्यावर माणसं ह्यांची वाट बघत उभी असायची. आता वाट बघणारे म्हणायचे तर एवढे चौघेच.

आणि तेही जायची पाळी आली. कीबोर्डवर चहा सांडला. तो ह्यांनी माझ्या चांगल्या टॉवेलने पुसला आणि मला पत्ता लागू दिला नाही. पण माणसाला डावीकडे नेणारं बटण बसलं ते उठेना. मागच्या रविवारी वादळ संध्याकाळभर फक्त उजवीकडे वळत होतं. गोल गोल फिरून पुन्हा त्याच जागी. टोळी हरली. त्यांचा जो कॅप्टन होता, त्याने बजावलं की पुढच्या रविवारी असंच झालं तर तुझ्या जागी दुसरा घेणार. त्या रात्री हे अर्ध्या जेवणावरून उठले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

नवा घ्या म्हटलं. तर साधा चालणार नाही, गेमवाल्यांचा मेकॅनिकल हवा, त्याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, दाबलं की बोटाला कळतं, असं प्रवचन ऐकवलं. मी माझा आकडा सांगितला आणि त्याच्यावर दमडी मिळणार नाही हेही सांगितलं. झालं, आठवडाभर हे त्या आकड्यातले कीबोर्ड बघत बसले. एकाने चांगला म्हटलेल्या कीबोर्डखाली दुसऱ्याने शिव्या घातलेल्या असायच्या, आणि ह्यांना दोघांचंही पटायचं. असं करता करता रविवार उजाडला. शेवटी दुपारी मीच चपला घातल्या. एकटे सोडले असते तर हात हलवत परत आले असते.

दुकान एका इमारतीच्या तळघरात, बोळासारखं अरुंद. दुकानदार दाढीवाला, सुकलेला, पण सोशिक. त्याने आकडा ऐकला आणि तीन कीबोर्ड पुढ्यात ठेवले. निळ्या स्विचचा वाजतो, लाल स्विचचा वाजत नाही, तपकिरी त्या दोघांच्या मधला, इतकं सोपं करून सांगितलं. मलासुद्धा ऐकता ऐकता कळलं. ह्यांनी निळ्यावर बोट ठेवलं.

“क्लच कडक आहे.”

“कसला क्लच, काका?”

ह्यांनी लाल दाबून पाहिला आणि फारच सैल आहे, ब्रेक लागल्याचं कळत नाही म्हणाले. तपकिरी बरा, पण त्याच्या कंपनीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा निळा. निळ्याखाली रंगीत दिवे लागत होते, त्यावर हे खूश झाले, आणि मग दिव्यांमुळे लवकर बिघडेल म्हणून लगेच नाराजही झाले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. जावई आजही ऑफिसात. सर्दीने नाक वाहतंय, घसा बसलाय, तरी रविवारचे गेले म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी तिलाच दटावलं. इतका कष्टाळू नवरा मिळायला भाग्य लागतं, आमच्याकडे बघ म्हटलं.

फोन ठेवून घड्याळ पाहिलं तर सहाला दहा कमी. घरी पोचायला अर्धा तास. ह्यांचा चेहरा असा उतरला की त्या दुकानदारालाही दया आली. त्याने आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर ह्यांच्यापुढे सरकवला, इथेच खेळा म्हणाला, कीबोर्डही कळेल. मात्र सातला शटर पडणार.

हे बसले. निळा जोडला. कानाला लावायला काही नव्हतं, त्यामुळे टोळीचा सगळा गलका दुकानभर ऐकू यायला लागला. मी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या स्टुलावर टेकले.

खेळ सुरू झाला आणि कॅप्टनचा घोगरा आवाज कडाडला, “वादळ, डावीकडे जा.”

आता डावं बटण धडधाकट होतं. पण बिघडलेल्या बटणाची सवय बोटांना लागली होती. वादळ उजवीकडे गेलं.

“डावीकडे म्हणतोय. डावं-उजवं कळतं का रे तुला?”

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मानेवरून घाम ओघळला. निळा कडक पडतोय, लाल द्या, असं ते दुकानदाराला पुटपुटले. त्याने एकाची वायर उपटून दुसऱ्याची खुपसली. तोवर वादळ भर मैदानात विजेच्या खांबासारखं उभं. समोरच्यांनी टोळीतले दोघे टिपले. लाल लागला, तर ह्यांचं बोट घसरलं आणि वादळाने खड्ड्यात उडी घेतली. मग तपकिरी. पुन्हा खांब. पुन्हा एक मेला. उरले कॅप्टन आणि हे.

“बास झालं,” कॅप्टन म्हणाला. “ही फेरी गेली की तू सुट्टीवर. असला दगड मला नको.”

ह्यांनी बटणांवरची बोटं उचलून मांडीवर घेतली. माझं डोकं सणकलं. ह्या माणसाला दगड, गोगलगाय, काय वाटेल ते म्हणायचा हक्क सरकारने लग्नाच्या कागदावर मला दिलाय. हा कोण लागून गेला?

मी तोंड उघडणार, इतक्यात कॅप्टन शिंकला. एकापाठोपाठ तीन, आणि तिसरीच्या शेपटाला लांबलचक ‘अगं आई गं’.

ही शिंक सगळ्या जगात एकाच नाकातून येते. आमच्याकडे जेवायला आले की फोडणीच्या वासाने हीच येते आणि फळीवरची भांडी हलवते. एरवी आमच्यापुढे ते ‘हो’ आणि ‘पुरे’ यापलीकडे बोलत नाहीत, तेही जमिनीकडे बघून. त्यात ह्यांचा एक कान इंजिनाने खाल्लेला. ओळखणार कुठून?

दुकानदाराच्या टेबलावर माइक होता. तो चालू करा म्हणून मी खुणेने सांगितलं. त्याने बटण दाबलं. मी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि वाकले.

“जावईबापू, वाफ घेतलीत का?”

कॅप्टनचा माणूस पडद्यावर बंदूक खाली करून उभा राहिला. कुणीतरी सावकाश चालत आला आणि त्याला गोळी घालून गेला.

“आई?” एक बारीक आवाज आला. हा मात्र मी रोजचा ओळखते. “मी ऑफिसातच आहे, आई. खरंच. इथलं नेट चांगलं आहे.”

“असू द्या. आणि हे जे वादळ आहे ना, ते तुमचे सासरे.”

मेलेल्या पोरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग नाक ओढल्याची सुरसुर ऐकू आली.

“बाबा,” कॅप्टन म्हणाला, “पुढच्या रविवारी सहाला. तुम्हाला सोयीचं असेल तर. नाहीतर आम्ही थांबू.”

ह्यांचा जबडा खाली पडला होता तो मी बोटाने वर केला. फेरी हरलीच, पण ह्या वेळी खांबासारखा उभा राहून कॅप्टनच मेला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दुकानदार शटरची काठी हातात घेऊन आला आणि कुठला बांधू म्हणाला. हे लगेच भानावर आले. तपकिरीवरून एक बोट फिरवलं, लालवरून एक, निळ्याचे दिवे लावून बघितले, आणि उद्या एकदा येऊन नीट बघावं का असं मला विचारलं.

“अहो, जो सगळ्यात स्वस्त असेल तो घ्या आणि चला,” मी म्हटलं. “आता तुम्ही डावीकडे जा, उजवीकडे जा, नाहीतर खड्ड्यात उड्या मारा. तुम्हाला त्या टोळीतून काढायची जावईबापूंची सात जन्मांत छाती होणार नाही.”