भागाकाकूंची खुर्ची

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत तुम्ही संध्याकाळी आलात, तर आधी एक खुर्ची आडवी येईल. लाल प्लॅस्टिकची, एक हात तुटलेला, तिथं सुतळी गुंडाळलेली. ही खुर्ची कडेला नसते. रस्त्याच्या मधोमध असते आणि तिच्यावर भागाकाकू बसलेल्या असतात. मोटरसायकलवाला हॉर्न देतो. काकू त्याच्याकडे बघतात. तो पुन्हा हॉर्न देतो. काकू मान वळवून लिंबाच्या झाडाकडे बघायला लागतात. शेवटी तो बिचारा पाय टेकवत, गटाराच्या कडेनं वळसा घालून जातो.

कुणी बोललंच तर काकूंचं उत्तर ठरलेलं आहे. "रस्ता सरकारचा हाय, खुर्ची माझी हाय."

यात भांडायला जागाच राहत नाही. पाण्याच्या टँकरवाल्यानं एकदा प्रयत्न केला. म्हणाला, "मावशी, रस्ता सरकारचा हाय ना, मंग खुर्ची घरात ठिवा की."

काकू म्हणाल्या, "घर नानांचं हाय."

टँकर मागं मागं गेला आणि पलीकडच्या गल्लीतून आला. गल्लीतल्या लोकांनी त्या खुर्चीला 'काकू ब्रेकर' असं नाव ठेवलं. काकूंना ते माहीत होतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

बरं, नुसत्या बसून राहतील तर शपथ. जाणाऱ्या-येणाऱ्याची हजेरी घेतल्याशिवाय त्या सोडत नाहीत. हेल्मेट नसलेला कुणी दिसला की, "डोकं घरी ठिवून आला का? आईबापानं शिकवलं नाय का?" एकदा एका पोलिसालासुद्धा असंच विचारलं. तो हसला आणि डिक्कीतलं हेल्मेट काढून घालून गेला.

मी काकूंच्या समोरच राहते. कॉलेजच्या पोरापोरींचे डबे करते. ओट्यासमोरच्या खिडकीतून पोळ्या लाटताना समोरचं सगळं दिसतं. मला फार बोलता येत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात. काकू तर रोज एकदा येणारच. हातात रिकामी वाटी, "कोथिंबीर हाय का गं?" म्हणत. कोथिंबीर नेत मात्र नाहीत. पातेल्यावरचं झाकण उचलतात, भाजी बोटानं चाखतात, "मीठ बोलंना," म्हणतात आणि वाटी रिकामीच घेऊन परत जातात.

नाना म्हणजे काकूंचे मालक. मूळचे सोयगावकडचे, घरची जमीन बऱ्यापैकी, नोकरी सरकारी, आता निवृत्त. दोन्ही मुलं पुण्यात. नाना दिवसभर पलंगावर बसून टीव्हीवर बातम्या बघतात. पलंग अशा ठिकाणी आहे की उघड्या दारातून त्यांना फाटक दिसतं. फाटकात कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना कळल्याशिवाय राहत नाही.

त्यांना एक मुलगीही आहे. वर्षा. तिनं कंपनीतल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण नानांच्या भाषेत 'आपल्यातला' नव्हता. नानांनी त्या दिवशी लेकीच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं, माणूस गेल्यावर घेतात तसं. मग काकूंना देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली, ती या दारात पाय ठेवणार नाय आणि तू तिच्या दारात जाणार नाय. काकूंनी शपथ घेतली. नंतर फोनही नानांनी आपल्या उशाशी ठेवला.

वर्षा लहानपणी माझ्याकडे ठेचा खायला यायची. डोळ्यांतून पाणी यायचं आणि म्हणायची, "अजून दे." त्यानंतर तिचं नाव गल्लीत कुणी काढलं नाही. काकूंनीही नाही. त्या फक्त खुर्ची घेऊन बाहेर बसायला लागल्या.

आता गाण्याचं सांगते.

माझ्याकडे जेवणारी ऋतुजा कॉलेजच्या स्पर्धेसाठी गाण्याचा व्हिडिओ करत होती. गाणं त्या पोरापोरींनीच लिहिलेलं, म्हणण्यापेक्षा भांडल्यासारखं जास्त. "कितीबी हॉर्न वाजव भावा, मी काय बाजूला होणार नाय," अशी त्याची ओळ होती. दर दोन ओळींनंतर सगळ्यांनी मिळून "हटणार नाय, हटणार नाय." माझ्या स्वयंपाकघरात चार दिवस तेच चाललं होतं. कुकरची शिट्टीसुद्धा मला त्याच तालात ऐकू यायला लागली.

ऋतुजाला आमचीच गल्ली हवी होती. सूर्य बुडायच्या जरा आधी इथं भिंतींवर पिवळा उजेड येतो, तसा उजेड तिला शहरात कुठं सापडला नाही म्हणे. कॅमेरा कॉलेजचा, एका संध्याकाळपुरता मिळालेला. तेवढ्यात झालं तर झालं, नाही तर स्पर्धा गेली.

आदल्या दिवशी सगळे माझ्या फरशीवर बसले आणि माझीच भांडी घेऊन गल्ली मांडली. दोन लाटणी म्हणजे दोन बाजूंच्या भिंती. मिठाची बरणी म्हणजे कॅमेरा. वाट्या म्हणजे नाचणारी पोरं. कॅमेरा धरणारा अझहर बरणी पुढं सरकवून दाखवत होता. "दोन्ही तोंडाला दोऱ्या बांधायच्या. एकही गाडी आत नाही. पूरी गल्ली खाली."

तेवढ्यात काकू कोथिंबिरीला आल्या. सगळं नीट बघितलं. मग ओट्यावरचा माझा लोखंडी खलबत्ता दोन्ही हातांनी उचलला आणि लाटण्यांच्या मधोमध ठेवला. एक वाटी आडवी झाली.

"हे काय, काकू?" ऋतुजानं विचारलं.

"ही मी," काकू म्हणाल्या.

पोरांना वाटलं, काकूंना व्हिडिओत यायचंय. ऋतुजा म्हणाली, "तुम्हाला घेऊ ना आम्ही. गच्चीवर उभ्या राहा, हात वगैरे करा."

"मी गच्चीवर वाळवण घालायला जाती. संध्याकाळी मी रस्त्यावर असती. आन् दोऱ्या बांधायच्या नायत. तिन्हीसांजेला रस्ता अडवत नसतात, लक्ष्मी यायचा टाइम असतो."

"काकू, पंधरा-वीस मिनटं की तो बात है," अझहर म्हणाला. "थोडा सरको ना."

"तू सरक. मैं नय सरकती."

"अहो काकू," ऋतुजा आता रडकुंडीला आली होती, "माझी स्पर्धा आहे."

"तुझं गाणं काय म्हणतंय?"

ऋतुजानं अझहरकडे बघितलं. अझहर हळूच म्हणाला, "हटणार नाय."

"मंग?" काकू म्हणाल्या. "गाणं तुमचं आन् हटायचं मी व्हय?" आणि वाटी घेऊन गेल्या. भाजी चाखायची त्या दिवशी विसरल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं, हे नुसत्या हट्टाचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी नानांना मध्ये घातलं. नानांना 'सर' म्हटलं की ते कशालाही हो म्हणतात. संध्याकाळी दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या गेल्या, पोरं काळे कपडे घालून उभी राहिली, उजेड भिंतीवर आला. आणि काकू खुर्ची घेऊन बाहेर आल्या. सडा टाकला, खुर्ची मधोमध मांडली आणि बसल्या.

नाना पलंगावरूनच ओरडले, "ए, आत ये. लेकरांचं काम चाललंय."

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," काकू म्हणाल्या. "नाय येत आत."

टीव्हीचा आवाज बंद झाला. इतक्या वर्षांत काकूंनी नानांना नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. नानांनीही ऐकलं नसावं. माझी पोळी तव्यावर करपली.

ऋतुजानं भिंतीकडे बघितलं. उजेड खाली सरकत होता. ती म्हणाली, "जाऊ दे. खुर्चीच्या भोवती नाचा. अझहर, चालू कर."

आणि खरं सांगते, ते लई छान दिसायला लागलं. पोरं हात उडवत "हटणार नाय" म्हणतायत आणि मधे काकू हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून बसलेल्या. त्यांना काही करायची गरजच नव्हती. पण त्या पोरांकडे बघत नव्हत्या. सारखं लिंबाच्या झाडाकडच्या टोकाला बघत होत्या, जिथं दोरी होती.

त्या टोकाला एक स्कूटी येऊन थांबली. वर एक बाई, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलेलं. आमच्याकडे उन्हाधुळीत सगळ्याच पोरी असं बांधतात, एक दुसरीपासून ओळखू येत नाही. तिनं दोरी बघितली. जरा वेळ थांबली. मग गाडी वळवायला लागली.

काकू उठल्या. नाचणाऱ्या पोरांच्या मधून, कॅमेऱ्याच्या समोरून, चपला न घालता तरातरा गेल्या आणि दोरी ओढायला लागल्या. गाठ निघेना. तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली दाबली आणि वर पाय देऊन उभ्या राहिल्या.

"ये," एवढंच म्हणाल्या.

स्कूटी दोरीवरून आत आली. काकू तिच्या पुढं चालत येऊन खुर्चीवर बसल्या. स्कूटीवालीला वळसा घालायला दोन्ही पाय टेकवून अगदी हळू चालवावी लागली, आणि खुर्चीजवळ येऊन ती थांबलीच. तेव्हा कुठं मला कळलं, ती खुर्ची मधोमध का असते. रस्ता मोकळा असता तर गाडी सुर्रकन निघून गेली असती. नानांच्या डोळ्यांदेखत फाटकापाशी तिला उगाच थांबता येत नव्हतं. पण समोर खुर्ची असली तर कुणाचीही गाडी हळू होतेच.

काकू तिच्याकडे बघत होत्या. मग आत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "डोकं घरी ठिवून आलीस का? हेल्मेट कुठाय? आईबापानं शिकवलं नाय का?"

"शिकवलं होतं," स्कार्फमधून आवाज आला. "चुकलं, काकू."

त्या आवाजाला मी ओळखते. तो आवाज मला "अजून दे" म्हणायचा.

वर्षाचं घर हर्सूलकडे आणि कंपनी चिकलठाण्याला. तिला आमच्या गल्लीतून जायचं काहीच कारण नाही. आणि काकूंनी शपथ मोडलेली नव्हती. ना ती या दारात आली होती, ना या तिच्या दारात गेल्या होत्या. रस्ता सरकारचा होता.

स्कूटी निघून गेल्यावर नानांनी आतून विचारलं, "कोण होती गं?"

"कोण की. बिनाहेल्मेटची होती एक."

टीव्ही पुन्हा सुरू झाला.

दोन दिवसांनी ऋतुजा माझ्याकडे बसून लॅपटॉपवर व्हिडिओ कापत होती. म्हणाली, "मावशी, सगळं भारी आलंय, पण मधेच ती स्कूटी घुसली. तेवढं उडवते."

"उडवू नको," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी पोरांना 'अजून पोळी घ्या' याच्यापुढं फारसं बोलत नाही. मी पुन्हा म्हणाले, "ते राहू दे. तेच चांगलं हाय." का ते सांगितलं नाही. तिनं ते तिथून दोनदा चालवून बघितलं, मग म्हणाली, "हो की. कुणासाठी तरी हटल्या ना काकू." आणि ठेवलं. स्पर्धेत नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, म्हातारीचं काय ते कळलं नाही.

काकू वाटी घेऊन आल्या तेव्हा मी फोनवर व्हिडिओ लावून दिला. स्कूटी आली आणि गेली. "परत लाव," काकू म्हणाल्या. मी लावला. पुन्हा "परत लाव." पोळ्या तशाच राहिल्या. शेवटी त्यांनी डोळे पुसले, पदराला हात लावला आणि म्हणाल्या, "माझा पदर किती चुरगळलाय, सांगायचं न्हाय व्हय?" मग दारात थांबल्या. "तू लई कमी बोलतीस. बरं हाय." त्या दिवशी पहिल्यांदा वाटीत कोथिंबीर घेऊन गेल्या.

आता ती स्कूटी येते तेव्हा डोक्यावर निळं हेल्मेट असतं. काच खाली, आत स्कार्फ. डोळेसुद्धा दिसत नाहीत. पहिल्या दिवशी काकू पुटपुटल्या, "सांगितलं ते बी मीच. आता काय बघावं?" दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आणखी हातभर पुढं आली. आता तिथं वळायचं तर गाडी थांबवून काच वर करून खाली बघावंच लागतं.

परवा दूधवाला तिथं अडकला. काकू झाडाकडे बघत होत्या. त्यानं माझ्या खिडकीकडे बघून हात जोडले. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. काल इथंवर होती, आज इथंवर आली. हे काय चाललंय?"

मी पोळी उलटली आणि खिडकीतून म्हणाले, "रस्ता सरकारचा हाय. खुर्ची काकूंची हाय."