येऊ द्या, येऊ द्या

श्रीरंग मोघेचं म्हणणं असं, की गाडी पुढे कुणीही नेतं. माणसाची परीक्षा होते ती मागे घेताना. आणि या परीक्षेत आपला दिल्लीत पहिला नंबर आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

"मला मागे बघावंच लागत नाही," तो ऑफिसात चहाच्या वेळी सांगायचा. "गाडीचं शेपूट कुठवर आलंय ते मला पाठीच्या कण्यात कळतं." तो केंद्र सरकारात अवर सचिव होता आणि ऐकणारे त्याच्या हाताखालचे होते. सगळे माना डोलवायचे.

घरी मात्र मान डोलवणारं कुणी नव्हतं. त्याची बायको अलकनंदा त्या शेपटाचा विषय निघाला की नुसतं मागच्या बंपरकडे बोट दाखवायची. त्यात हिवाळ्याचे म्हणून पुण्याहून तिचे वडील आले होते.

दीनानाथ, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात सायकलीपलीकडे त्यांनी काही चालवलं नव्हतं, पण दुसऱ्याने कसं चालवावं हे सांगण्याचा अनुभव दांडगा. दिल्लीत आल्यापासून गाडी मागे घ्यायची म्हटलं की ते आधी खाली उतरत, मागे जाऊन उभे राहत आणि दोन्ही हातांनी गाडीला बोलावत. "येऊ द्या, येऊ द्या." श्रीरंग दातओठ खात गाडी येऊ द्यायचा. सासऱ्यांना 'बाजूला व्हा' म्हणणारा जावई महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे.

त्या शनिवारी तिघं पानिपतला जाऊन आले. अण्णांना रणभूमी बघायची होती आणि अलकनंदाला रजया घ्यायच्या होत्या. रणभूमी लवकर आटोपली. रजयांना वेळ लागला. पुण्यातल्या कुणालाही वाईट वाटू नये म्हणून इतक्या रजया घेतल्या गेल्या, की गाडीची मागची काच छतापर्यंत बुजली आणि अण्णा उरलेल्या कोपऱ्यात फडताळात ठेवलेल्या बरणीसारखे बसून आले.

परतताना आर. के. पुरमला सुनेत्राकडे हळदीकुंकू होतं. सुनेत्रा ही अलकनंदाची कॉलेजची मैत्रीण, तिला नाही म्हणायची सोय नव्हती. संक्रांत होऊन गेली तरी संध्याकाळ झाली म्हणेपर्यंत अंधार पडत होता, आणि धुकं असं उतरलं होतं की दिव्यांचे खांब कमरेतच संपत होते. सुनेत्राच्या क्वार्टरची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आणि पार टोकाला कुणाच्या तरी घरच्या देवीच्या जागरणाचा मांडव रस्ता अडवून उभा. गाडी वळवायला जागाच नव्हती. आत शिरलेली गाडी उलटीच बाहेर काढायची.

अलकनंदा वर गेली आणि सासरे-जावई गाडीतच बसून राहिले. बऱ्याच वेळाने वरून तिचा फोन आला. "निघतेच आहे. गाडी तेवढी गल्लीच्या बाहेर काढून ठेव. आणि अण्णांना मागे उभं कर."

"त्याची काही गरज नाही."

"मागे रजया आहेत, श्रीरंग. काय दिसतंय तुला?"

"दिसायचा प्रश्नच येत नाही, मला अंदाज—"

फोन बंद झाला होता. आणि अण्णा माकडटोपी चढवून, तपकिरी शाल गुंडाळून, खाली उतरलेही होते.

श्रीरंगने आपली पांढरी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. मागच्या कॅमेऱ्यात पावसाळ्यात पाणी शिरलं होतं, त्यामुळे समोरच्या पडद्यावर नुसतं ताक दिसत होतं. बाजूचे आरसे दवाने पांढरे झालेले. मागच्या दोन पांढऱ्या दिव्यांपैकी एक दिवाळीपासून गेलेला, आणि दुसऱ्याचा उजेड धुक्यात हातभरही जात नव्हता. श्रीरंगने पाठीच्या कण्याकडे लक्ष लावलं. कणा काहीच बोलेना.

"येऊ द्या," मागून आवाज आला. "येऊ द्या. उजवीकडे घ्या."

"कुणाच्या उजवीकडे, अण्णा?"

"उजवीकडे म्हणजे उजवीकडे."

"तुमचं तोंड माझ्याकडे आहे. तुमची उजवी ती माझी डावी."

"श्रीरंगराव, उजव्या हाताला दुसरं नाव नाही. येऊ द्या."

श्रीरंगने वैतागून काच वर केली. थंडी येत होती हे एक कारण. अण्णांचा आवाज आता रजयांतून आल्यासारखा बारीक झाला. येऊ द्या... येऊ द्या... मग तो आणखी बारीक झाला, आणि मग आलाच नाही. श्रीरंग म्हणाला, बरं झालं. त्याने ब्रेकवरचा पाय जरासा उचलला आणि गाडी मागे सरकू दिली.

धप्प.

टणक काही लागलं असतं तर तो इतका घाबरला नसता. भिंतीचा, खांबाचा, दुसऱ्याच्या बंपरचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. हा आवाज मऊ होता. भरलेल्या पोत्याला लाथ मारावी तसा.

त्याने हँडब्रेक ओढला आणि काच खाली केली. "अण्णा?"

काही नाही.

"अण्णा, लागलं का कुठे?"

मांडवातून ढोलकीची थाप येत होती, बाकी गल्ली चिडीचूप. श्रीरंग खाली उतरला. गाडीला हात लावत लावत मागे गेला. मागे कुणीच नव्हतं. त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि रस्त्यावर फिरवला. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तपकिरी लोकरीचं एक टोक बाहेर आलेलं होतं.

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. त्याला वाकून बघायचं होतं, पण मान वाकेना. तीन आठवडे हा माणूस त्याला नको नको झाला होता. सकाळी पेपर आधी घ्यायचे, चहात साखर किती ते त्याला शिकवायचे. आणि आता त्याच्या डोळ्यांसमोर एवढंच येत होतं, की गेल्या रविवारी त्याला ताप आला तेव्हा याच माणसाने रात्रभर उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवली होती आणि सकाळी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"अण्णा," तो अगदी हळू म्हणाला. "अण्णा, बोला ना काहीतरी."

"क्या हुआ जी?" मागून आवाज आला. शेजारच्या क्वार्टरमधले चड्ढा, अंगात गाऊन, डोक्याला मफलर.

"मेरे फादर-इन-लॉ," श्रीरंगने गाडीखाली बोट दाखवलं. पुढचं वाक्य त्याला पुरं करवेना.

चड्ढांनी वाकून पाहिलं आणि ते गंभीर झाले. "शॉल तो दिख रही है. हिल नहीं रहे. गाड़ी बिल्कुल मत हिलाना. उठानी पड़ेगी." ते मांडवाकडे तोंड करून ओरडले आणि मांडव घालणारी चार माणसं धावत आली. गल्लीचा चौकीदार आला. कुणी म्हणालं ॲम्ब्युलन्स बोलवा, कुणी म्हणालं आधी काढा.

त्या गर्दीत अलकनंदा येऊन उभी राहिली. केसांत गजरा, हातात वाणात मिळालेली चाळणी.

"काय झालं? अण्णा कुठायत?"

"मागे," श्रीरंग म्हणाला.

"मागे कुठे?"

तिने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, गाडीभोवती वाकलेल्या माणसांकडे पाहिलं, चाकाजवळच्या लोकरीकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चाळणी गाडीच्या टपावर ठेवली आणि पदर खोचला. "उचला," ती म्हणाली. "बघत काय उभे आहात, उठाओ."

सगळ्यांनी मागून बंपरला हात घातला. "एक, दो, ज़ोर से." रजयांसकट गाडीचं बूड वीतभर वर आलं. श्रीरंग आडवा होऊन हात लांब करून खाली शिरला. बोटांना लोकर लागली. लोकर उबदार होती. जिवंत आहेत, जिवंत आहेत, असं म्हणत त्याने ती घट्ट धरली आणि ओढली.

लोकर गुरगुरली.

श्रीरंगने हात सोडला. गाडीखालून एक जाडजूड कुत्रा बाहेर आला. थंडीसाठी कुणीतरी त्याला जुन्या तपकिरी ब्लँकेटचा कोट शिवून घातला होता. त्याने जमलेल्या मंडळींकडे नाराजीने पाहिलं आणि धुक्यात निघून गेला. मांडववाल्यांपैकी एकजण गाडीच्या मागे बघून म्हणाला, "अरे, ये तो हमारी दरियां हैं." रस्त्याच्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांचा ढीग बंपरने चेपला होता. कुत्रा त्यावर झोपला असणार आणि धक्क्याने गाडीखाली गेला असणार. श्रीरंगने ठोकलं ते हे.

गाडी खाली टेकली. श्रीरंगला हसू फुटणार होतं, तेवढ्यात अलकनंदा म्हणाली, "मग अण्णा कुठायत?"

हसू जिथल्या तिथे विरलं. त्याने अण्णांना फोन लावला. फोन गाडीतच, रजयांच्या खाली वाजला. अण्णांना दिल्लीचा एक रस्ता माहीत नव्हता. हिंदी येत होती ती नमस्ते आणि कितने का एवढीच. पलीकडे रिंग रोड होता, आणि या धुक्यात तिथल्या गाड्यांना हत्तीसुद्धा दिसला नसता.

"तू काच वर केली होतीस?" अलकनंदाने विचारलं.

"थंडी होती."

ती गल्लीच्या तोंडाकडे पळत सुटली. मागे श्रीरंग, त्याच्या मागे गाऊन सावरत चड्ढा. "अण्णा! अण्णा!" धुक्यातून नुसते हॉर्न ऐकू येत होते. हॉर्नचा आवाज वाढत गेला. एवढे हॉर्न उगाच वाजत नाहीत. रस्त्यात काहीतरी पडलेलं असतं तेव्हाच वाजतात.

आणि मग, त्या हॉर्नांच्या मधून, एक शांत, ठाम, मराठी आवाज आला.

"येऊ द्या. येऊ द्या. हां. उजवीकडे."

गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, अण्णा उभे होते. दोन्ही हात वर. त्यांच्यासमोर एक पांढरी गाडी मुंगीच्या पावलाने उलटी येत होती. तिच्या बाजूला आणखी पांढऱ्या गाड्या ओळीने लागलेल्या, आणि मागे जागरणाला आलेल्या लोकांच्या गाड्यांची रांग धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत उभी. अण्णा उलटे चालत चालत गल्लीबाहेर आले होते. तिथे मागे येणारी पहिली पांढरी गाडी दिसली ती जावयाचीच, असं समजून त्यांनी काम पुढे चालू ठेवलं होतं. लोकांनीही शालवाल्या म्हाताऱ्याला पार्किंगवाला समजून आपापल्या गाड्या निमूटपणे त्यांच्या स्वाधीन केल्या होत्या.

श्रीरंग धावत गेला आणि त्याने भर रस्त्यात सासऱ्यांना मिठी मारली. अशी मिठी त्याने त्यांना लग्नातसुद्धा मारली नव्हती.

"अहो, काय हे श्रीरंगराव," अण्णा चाचरले. मग त्यांनी जावयाकडे आणि समोरच्या गाडीकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही इथे, तर मग यात कोण आहे?"

गाडीतून एक बाई उतरल्या. एका हातात प्रसादाचं ताट, काखेत रडणारं मूल. "अंकल, मुझसे नहीं होगा. पीछे कुछ दिखता ही नहीं," त्या म्हणाल्या. अण्णांच्या गळ्यात पडलेला इसम म्हणजे त्यांचा मदतनीस असणार असं ठरवून त्यांनी किल्ली श्रीरंगच्या हातात ठेवली. "भैया, ज़रा ठीक से लगा देना." तो तोंड उघडेपर्यंत त्या मांडवाच्या दिशेने धुक्यात नाहीशा झाल्या होत्या.

मागची रांग हॉर्न वाजवत होती. बाईंची गाडी गल्लीचं तोंड अडवून आडवी उभी होती. ती लागल्याशिवाय श्रीरंगची स्वतःची गाडी बाहेर निघणार नव्हती. त्याने अलकनंदाकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि त्याला सोडवायला येण्याचं कसलंही लक्षण तिच्यात दिसत नव्हतं.

भारत सरकारचे अवर सचिव निमूट गाडीत बसले. मागच्या काचेतून काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. त्याने रिव्हर्स टाकला, चारही काचा पूर्ण खाली केल्या आणि थंडीत डोकं बाहेर काढलं.

"अण्णा, आहात ना?"

"आहे. येऊ द्या."

गाडी हातभर मागे गेली आणि थांबली.

"अण्णा, आहात ना?"

"आहे हो, आहे. किती वेळा विचाराल?"

पण पुढच्या वेळीही 'आहे' हा शब्द कानावर पडेपर्यंत श्रीरंगने ब्रेकवरचा पाय उचलला नाही.