एक जूनचे गुरुजी

निलंग्याच्या तहसील कचेरीबाहेरच्या फळ्यावर सरकारी सूचना लागली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबड्या शाईत गुण दिलेले असायचे. दहापैकी. बहुतेकदा तीन, फार झालं तर चार. खाली शेरा, 'पुन्हा लिहून आणा.' हे कुणाचं काम ते साऱ्या कचेरीला ठाऊक होतं. एका तहसीलदारांनी पाळतीवर शिपाई बसवला, तर तोही गुरुजींचाच विद्यार्थी निघाला. त्यानं शाईची दौत धरली.

सोनकांबळे गुरुजी माझे शेजारी. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेले. मी तहसिलीत कारकून, त्यामुळे सरकारच्या प्रत्येक चुकीचा जाब ते भिंतीपलीकडून मला विचारत. मी दात घासत असायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "भाऊसाहेब, ह्ये काय करून राहिले तुमी लोकं?" नेमकं काय केलं ते कळायला मला चूळ भरेपर्यंत थांबावं लागे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावोगाव मिरवणुका निघाल्या. गुरुजी मात्र संतापले होते. "मी जलमलो बिदर जिल्ह्यात. नोकरी केली उस्मानाबाद जिल्ह्यात. आता पेन्शन खातोय लातूर जिल्ह्यात. अन् मी जागचा हाललो न्हाई." त्यात पाऊस दगा देऊन बसलेला. विहिरींनी तळ गाठलेला आणि रस्त्यावर मात्र जिल्ह्याच्या नव्या पाट्या रंगत होत्या. "टँकर यायला चार दिवस लागत्यात अन् रंगाचे डबे बरे येत्यात," असं ते टँकरच्या रांगेत उभं राहून मोठ्यानं म्हणायचे. मी सरकारचा नोकर, मान खाली घालून माझी घागर पुढं सरकवायचो. ते खरं बोलत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

गुरुजींना आमच्या भागात 'एक जूनचे गुरुजी' म्हणत. देवणीजवळच्या एका खेड्यात त्यांची बरीच नोकरी झाली. तिथं आईबाप पोराला शाळेत घालायला आणत, तेव्हा जन्मतारीख कुणालाच सांगता येत नसे. एक म्हणायचा, तुरी काढत होतो तवा झालं. दुसरी म्हणायची, मोठी गाय व्यायली त्याच्या आदल्या दिशी. गुरुजी पोराला उभं करत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं. मग रजिस्टरात तारीख पडायची, एक जून. अशी त्यांनी तीनेकशे पोरं एकाच दिवशी जन्माला घातली. पुढं पासपोर्टाच्या चौकशीला एक जमादार त्या गावात गेला. सगळ्या गावाची एकच तारीख बघून त्याला यात टोळी असल्याचा संशय आला. गुरुजींनी त्याला अंगणात उन्हात उभं करून सुनावलं, "ती तारीख खरीच हाय. मी स्वतः ठरवली हाय."

कुणी दुरुस्ती मागायला आलं की उत्तर ठरलेलं, "एकदा लिहिलं म्हंजे लिहिलं."

सुमन त्यांची एकुलती एक लेक. आई मागेच वारलेली, घरात ही दोघंच. सुमन लातूरच्या एका दवाखान्यात नर्स होती, शनिवारी एसटीनं घरी यायची. कुवेतच्या एका इस्पितळानं तिला मुलाखतीत निवडलं, तेव्हा गुरुजींनी मला भिंतीवरून पेढा दिला आणि तोंडानं मात्र निवडीच्या पत्रातल्या चुका सांगितल्या.

आणि मग नियम सुरू झाले. त्या दोन महिन्यांची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. आधी पासपोर्टवाले म्हणाले, मॅट्रिकचं सर्टिफिकेट पुरे. ते पाठवलं तर नियम बदललेला, जन्मजिल्ह्याचा दाखला जोडा. उस्मानाबादचा जोडला तर परत आला, कारण गाव आता लातूर जिल्ह्यात. लातूरचा जोडला तर तोही परत, कारण मुलीच्या जन्माच्या वेळी लातूर जिल्हा नव्हता. एक शिकलेली बाई आजारी माणसांची सेवा करायला निघालीय आणि चार शहरांतले आठ साहेब तिला विचारतायत की तू नक्की कुठं जन्मलीस. दोन्ही दाखले मीच टाइप केले होते, त्यामुळे मला शिव्या तरी कुणाला द्यायच्या कळेना.

ते कसंबसं मिटलं, तोच फेब्रुवारीत आणखी एक नियम आला. परदेशात एकटी नोकरीला जाणारी बाई रुजू होताना पूर्ण पंचवीस वर्षांची हवी. सुमनला मार्चअखेर हजर व्हायचं होतं. रजिस्टरातल्या तारखेनं पंचवीस भरणार एक जूनला. इस्पितळ थांबायला तयार नव्हतं. ती वेळेत आली नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार.

"बाईला पंचवीस, अन् बाप्याला काहीच न्हाई?" गुरुजी भिंतीपलीकडून ओरडले. "बाप्या काय जलमतानाच अक्कल घेऊन येतो?" त्यांनी दिल्लीला सहा पानी पत्र लिहिलं. दिल्लीनं उत्तर दिलं नाही.

त्या शनिवारी सुमन एकटीच माझ्याकडं आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, माझा जलम मार्गशीर्षातला हाय. आई सांगायची. मला पंचवीस कवाच भरले."

मी तसाच पलीकडं गेलो. गुरुजी कंदिलाची काच पुसत होते. खरं का, विचारलं. "हाव," ते म्हणाले. मग स्वतःच्या पोरीला एक जून कशाला?

"तिला शाळेत घातलं तवा मीच हेडमास्तर. समद्या गावाच्या लेकरांना एक जून अन् माझ्या लेकीला खरी तारीख? मास्तरानं घरच्या पोरीचं वेगळं केलं म्हणले असते लोकं."

"मग आता लिहून द्या, ती तारीख चुकीची आहे म्हणून."

"न्हाई. एक खोटी म्हणलो की तीनशे खोट्या होत्यात. त्या तारखेवर कुणी पोलिसात लागलंय, कुणी एसटीत. उद्या त्यांना कुणी इचारलं तर ती लेकरं काय दाखवतील?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी नको ते बोललो. म्हणालो, "लेकरांचं नाव कशाला पुढं करता गुरुजी? तुम्हाला सुमनला जाऊच द्यायचं नाही." त्यांनी काच खाली ठेवली आणि आत गेले. पुढचे आठ दिवस ते टँकरच्या रांगेत माझ्यापुढं दोन घागरी घेऊन उभे राहत, पण मागं वळून बघत नसत.

मग दोन दिवस ते दिसलेच नाहीत. सुमननं सांगितलं, उस्मानाबादला गेलेत. जिल्हा नवा झाला तरी जुनं दफ्तर अजून तिकडंच होतं. मला वाटलं, भांडायला गेले असतील.

सोमवारी ते कचेरीत आले. धुतलेला पांढरा सदरा, सोबत सुमन. माझ्याशी ओळख नसल्यासारखे लोकांच्या बाकावर बसले, नंबर आल्यावर उठले आणि दोन कागद टेबलावर ठेवले. पहिला त्यांच्या वळणदार अक्षरातला प्रतिज्ञालेख होता.

'माझ्या शाळेतील इतर सर्व मुलांच्या तारखा मी योग्य विचार करून लिहिल्या आहेत. फक्त माझी कन्या सुमन हिची खरी तारीख माहीत असूनही मी जाणूनबुजून खोटी लिहिली. दोष त्या एका नोंदीचा व माझा.'

मी दोनदा वाचलं. तीनशे पोरांना त्यांनी अलगद बाजूला काढलं होतं आणि खोटेपणा तेवढा स्वतःच्या नावावर घेतला होता. त्या माणसाला मी काय बोललो होतो ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा कागद त्यांच्या सर्व्हिस बुकाचा उतारा. खरी तारीख सिद्ध करायला जुना सरकारी पुरावा लागतो, तो हा. सवयीनं मी मोठ्यानं वाचत गेलो. "सदर शिक्षक दोन दिवस विनापरवानगी गैरहजर. कारण विचारता, कन्या झाली, तिचे तोंड पाहण्यास सासुरवाडीस गेलो होतो, असे सांगतात. सक्त ताकीद देण्यात येत आहे." खाली पंचवीस वर्षांपूर्वीची डिसेंबरातली, म्हणजे ऐन मार्गशीर्षातली तारीख, सही, शिक्का. छत्तीस वर्षांच्या नोकरीतला हा एकच शेरा होता.

सुमन कागदाकडं बघत राहिली. "आबा, ह्ये तुमी कधी सांगितलं न्हाई."

"त्यात काय सांगायचं? रजेचा अर्ज दिला. मंजूर झाला न्हाई."

"मग?"

"मग काय. गेलो चालत."

मी वयाच्या दाखल्याचा कोरा नमुना काढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, जिल्हाही लिहिला. वयाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. सुमननं पदर डोळ्यांना लावला होता. गुरुजींनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि माझ्या पेनाकडं बघत म्हणाले, "लिहा भाऊसाहेब. लेक जायाएवढी मोठी झाली म्हणून लिहा."