समोरची खुर्ची

यंदाची तपासणी आपण हसत हसत जिंकणार, असं डॉ. लिंडक्विस्ट यांनी सगळ्या कॉलेजला सांगून ठेवलं होतं. मिनेसोटातल्या त्या आडगावच्या कॉलेजात ते समुपदेशक घडवायचे. 'तुमच्याकडे विविधता कुठाय?' म्हणून मान्यता समितीने मागच्या खेपेला नाक मुरडलं होतं. आता वर्गात विविधता होती. तिचं नाव ओडेसा गेन्स.

बाकीचा वर्ग इतका गोरा, की बाहेर बर्फात उभा केला तर हजेरी घेणं मुश्कील. शिकागोहून आलेली ओडेसा तेवढी एकटी काळी. सरावाच्या नाटकाला दोन खुर्च्या मांडल्या, एक समुपदेशकाची, एक दुःखी माणसाची, की वर्णभेदाने पोळलेली दुःखी बाई कोण होणार? सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या. मग समुपदेशक झालेला कुणीतरी डोळे ओलावून 'तुमचं दुःख माझ्यापर्यंत पोचतंय' म्हणायचा आणि पास व्हायचा. तिच्या दुःखावर अख्खा वर्ग पास झाला. ती स्वतः मात्र दोन वर्षांत समुपदेशकाच्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती, आणि त्याशिवाय पदवी नाही. तिने तक्रार केली, तेव्हा सर म्हणाले होते, "अगं, पण तुझ्यासारखं दुःखी व्हायला जमतं का कुणाला?"

तपासणीचा दिवस हाच सरावाचा शेवटचा दिवस. समितीच्या मिसेस ॲबरनॅथी पेन सरसावून बसल्या. समुपदेशकाच्या खुर्चीत वर्गातला ब्रेडन, समोर अर्थातच ओडेसा. तिने ठरवलं, आज नाटक नाही. खरं तेच सांगायचं.

"मी शिकते तिथे मला फक्त दुःखी व्हायला बोलावतात," ती म्हणाली. "काम शिकवत नाहीत. आजही शिकवलं नाही, तर मी नापास."

मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. सर मिसेस ॲबरनॅथींच्या कानाशी लागले, की बघा, किती खरं वाटतंय.

"फार वाईट लोक असणार ते," ब्रेडन कळवळून म्हणाला.

"तसे बरे आहेत. वर्गासाठी लिंबाचा केक करून आणतात."

आदल्याच दिवशी लिंबाचा केक घेऊन आलेल्या ब्रेडनने खिन्नपणे मान हलवली. "अशा लोकांचं काही सांगता येत नाही. तुम्हाला आत्ता, या क्षणी काय हवंय?"

"तुझी खुर्ची."

समोरच्याची गरज आधी, हे ब्रेडनने घोकून पाठ केलं होतं. तो बिचारा उठला! मिसेस ॲबरनॅथींचं पेन भराभर चालू लागलं, त्यामुळे सरांना नाही म्हणायची सोय उरली नाही. आता दुःखी कोण होणार? त्या वर्गात बाकी कुणाला सवयच नव्हती. शेवटी सर स्वतः बसले, थोडं नाटक करू म्हणून. आणि बांध फुटला. आईने कधी पाठ थोपटली नाही, गावात गोऱ्यांखेरीज कुणी बघायलाच मिळालं नाही, आणि मी चांगलाच माणूस आहे ना, ओडेसा? ती चांगला म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. फक्त "आणि मग?" म्हणत राहिली, मधूनमधून टिश्यूचा डबा पुढे सरकवत. तिला हे काम येत होतं, याचा तिला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

मान्यता मिळाली. सरांच्या धाडसी प्रयोगाची समितीने वाखाणणी केली. दुसऱ्या दिवशी सरांनी ओडेसाला बोलावून पास झाल्याचं सांगितलं.

"फक्त एक उणीव राहिली," ते मायेने म्हणाले. "गोऱ्या माणसांचं ऐकून घ्यायचा तुला सराव नाही."

दोन वर्षं ती दुसरं काय करत होती, हे ओडेसाने विचारलं नाही. पास करणाराच समोर होता.

"पण काळजी करू नकोस," सर खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. "दर मंगळवारी मी येत जाईन. तुझ्या सरावासाठी. तर, आई..."

खुर्ची मिळवायला ओडेसाला दोन वर्षं लागली. ती सोडायची कशी, हे मात्र त्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.