रकाना अकरावा

सन १९५८च्या एप्रिल महिन्यात, बेंगळूरच्या पूर्वेला असलेल्या एका कारखान्याच्या वसाहतीत, एका विवाहित स्त्रीने सरळ अर्जात खरी माहिती लिहिली. तसा प्रकार वसाहतीत पूर्वी घडलेला नव्हता, त्यामुळे पुढे काय करावे हे कोणालाच कळेना.

अर्ज मुलींच्या शिबिराचा होता. वसाहतीतल्या बारा मुलींचे पथक होसकोट्याच्या तळ्याकाठी तंबू ठोकून तीन दिवस राहणार होते. सकवारबाईंच्या शालनने, वय वर्षे नऊ, वर्षभर दोरीच्या गाठी शिकून निळा गळपट्टा मिळवला होता. आंघोळीपुरता तो खुंटीला जाई, एरवी गळ्यात. तर त्या अर्जाचा अकरावा रकाना विचारत होता : ‘मूल रात्री अंथरूण ओले करते काय?’

शालनचा बाप खंडोजी कारखान्यात फिटर. त्याने अर्ज बायकोपुढे सरकवला. “‘नाही’ लिही की. सरी, ठीक ना?”

“आणि तिथं गादी भिजली, तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? ठाऊक असलं तर कुणी मायेनं उठवील तरी.” असे म्हणून सकवारबाईंनी वळणदार अक्षरात ‘होय’ लिहिले. माया रकान्यातून मागावी, इतक्या त्या भोळ्या होत्या.

कल्याण समितीचे चिटणीस सुधींद्रराव यांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला.

“अक्का, स्वातंत्र्य मिळाल्यापासून या रकान्यात कुणी ‘होय’ लिहिलेलं नाही.”

“मग विचारता कशाला?”

“विचारायची पद्धत आहे. ‘होय’ आलं तर काय करायचं, त्याची पद्धत नाही.”

नसलेली पद्धत निर्माण करणे आले. समितीची तातडीची बैठक भरली, चहाबरोबरची कोडबळी संपली, आणि विधानाची प्रत्यक्ष पडताळणी करावी असा ठराव झाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या ठोक्याला समितीच्या सभासद मालनबाई वही घेऊन सकवारबाईंच्या दारात हजर.

“स्वल्प बाजूला हो गं,” म्हणत त्या अर्धवट झोपेतल्या शालनला भिंतीकडे लोटीत, गादीवर तळहात दाबीत आणि लिहीत : ‘सोमवार, ओली. मंगळवार, ओली. बुधवार, दमट.’ दमट म्हणजे ओली की कोरडी, यावर निर्णय देण्यासाठी समितीने आणखी एक तळहात पाठवला. पूर्वी आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी घडणारी गोष्ट तपासणी सुरू झाल्यावर रोज घडू लागली. समितीने ‘कुटुंबाचे सहकार्य उत्तम’ अशी नोंद केली.

“आमची गंगव्वा तर वर्षाच्या आत कोरडी झाली हो,” मालनबाई जाता जाता ऐकवीत. “सगळं आईच्या शिस्तीवर असतं.”

चौथ्या दिवशी शालन चुलीपाशी येऊन बसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“आई, मी दोन दिवस झाले, पाणी प्यायचं सोडलंय. तरी ती बाई येतेच.”

सकवारबाईंनी भाकरी तव्यावर तशीच ठेवून तिच्या ओठांना तांब्या लावला. “पी आधी. झोपेत होतं ते झोपेचं, बाळा. तुझं नव्हे.” हे वाक्य लिहायला समितीच्या वहीत जागा नव्हती. भाकरी मात्र करपली.

सात दिवसांनी मंजुरी आली. शालनचा समावेश ‘होय’ या नव्या वर्गात करण्यात आला. त्या वर्गात एकच मुलगी होती. तिला वेगळा लहान तंबू, आणि त्यावर ओळखीसाठी तांबडी फीत. ‘नाही’ वर्गातल्या अकरा जणी मोठ्या तंबूत.

तीन दिवसांनी बस परतली. शालनने पायरी न शिवताच खाली उडी मारली. “आई, एकदापण नाही! तिथं हात ठेवायला कुणी येतच नव्हतं!” सकवारबाईंनी तिला चारचौघांत उराशी धरले. बसच्या टपावर मोठ्या तंबूतल्या अकरा गाद्या उन्हात पसरलेल्या होत्या. पथकाच्या बाईंनी अहवालात लिहिले होते : ‘होसकोट्यास एप्रिलमध्ये दव फार पडते. मोठ्या तंबूच्या आतील बाजूस विशेष.’

दुसऱ्या दिवशी समितीचे बोलावणे आले.

“प्रकरण गंभीर आहे, अक्का,” सुधींद्रराव म्हणाले. “तुमच्या मुलीची गादी तिन्ही दिवस कोरडी निघाली.”

“मग काय, साखर वाटू?”

“वाटू नका. अर्जात तुम्ही ‘होय’ लिहिलंय. म्हणजे माहिती खोटी ठरते.”

“आणि त्या अकरा गाद्या?”

“ते दव. अहवालात आहे.”

“अहो, मालनबाईंची वही काढून बघा की! सात दिवसांची.”

“ती घरच्या गादीची. घरची गादी समितीच्या कक्षेत येत नाही.”

खोटी माहिती देऊन स्वतंत्र तंबू लाटल्याबद्दल गळपट्टा परत घ्यायचा, असे ठरत आले होते. आईने लेखी कबुली दिली, तरच माफी. शालन दारात उभी होती, गळपट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरून. सकवारबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि लेखणी उचलली : ‘माझ्या मुलीने अंथरूण कधीही ओले केलेले नाही. मी खोटे लिहिले होते.’ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खोटे लिहिले, आणि समितीने ते सत्य म्हणून एकमताने स्वीकारले.

दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. पदराखाली वाटी झाकून मालनबाई.

“आता कशा आमच्यातल्या झालात, अक्का! स्वल्प विचारायचं होतं. शालनला औषध काय केलंत? माझ्या बहिणीच्या मुलीसाठी हं. गंगव्वाएवढीच आहे.”

“काही नाही. पाणी पाजलं, झोपू दिलं.”

“सांगायचं नसेल तर नका सांगू,” मालनबाई फणकाऱ्याने म्हणाल्या आणि वाटी परत घेऊन गेल्या.

दिवेलागणीपर्यंत अकरा जणी येऊन गेल्या. अकराही जणींना बहिणी होत्या, आणि अकराही बहिणींना मुली.

वाचकहो, तुमच्या घरी असले काही नाही, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. बहिणीच्या मुलीसाठी विचारायचे असेल, तर मागचे दार उघडे आहे.