दौलूचं दुखणं, चांगुणाचा काढा

एका जंगलात, बाळांनो, सगळं शिंगांवरून ठरायचं. बाळांनो म्हणतोय ते तुम्हालाच, मिशा पिकलेल्यांना. बारक्यांना बाहेर खेळायला पाठवा.

तिथे दौलू नावाचं सांबर होतं. त्याच्याएवढी शिंगं अख्ख्या कळपात कुणाला नव्हती. पण लग्नाला दोन पावसाळे उलटले तरी बायकोजवळ गेलं की त्याला ताठरताच येत नव्हती. मनात असायचं, शरीर ऐकायचं नाही.

कळप त्याच्या बायकोला विचारू लागला, "काय गं चांगुणा, गोड बातमी कधी?"

दौलूला कुणी विचारलं नाही. त्याला शिंगं होती ना!

त्या कळपाची रीत होती. दुखणं नराचं असलं तरी काढा मादीनं प्यायचा. नराच्या पोटात औषध गेलं की त्याची शिंगं गळतात, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे कळपातलं सगळ्यांत म्हातारं सांबर. आता सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात, हे आबांना स्वतःच्याच डोक्यावरून कळायला हवं होतं. पण वडीलधाऱ्यांना डोक्याविषयी विचारायचं नसतं.

चांगुणा काढा प्यायची आणि ओकायची. एक दिवस तिचं डोकं सटकलं.

"अहो, दुखणं तुमचं आणि तोंड कडू माझं? चला!"

तिनं त्याला डॉक्टर साळिंदरबाईंकडे ओढत नेलं.

"माझा एक दोस्त आहे," दौलूनं सुरुवात केली.

"दोस्ताला आत बोलवा."

"हाच तो दोस्त," चांगुणा म्हणाली.

"बरं. सकाळी जाग येते तेव्हा तरी ताठरता असते का?"

दौलू खुराकडे बघत म्हणाला, "नाही."

"ऊस खाता?"

"शेताच्या कडेला राहतो बाई. रोजच."

"तंबाखू?"

"चिमूटभर."

"चिमूट कसली, खूरभर!" चांगुणा.

बाईंनी अंगावरचा एक काटा उपटला, टोचला, रक्त बघितलं.

"साखर वाढलीय. रक्ताच्या नळ्या खराब व्हायला लागल्यात. तिथल्या नळ्या बारीक, म्हणून आधी तिथं कळतं. पुढचा नंबर काळजाचा. ऊस बंद, तंबाखू बंद, रोज चालायचं. उद्या या, काळीज तपासते, मग गोळी देते. बऱ्याच जणांना फरक पडतो. आणि घाबरू नका, धास्तीनंही बिघडतं."

दौलूला एकदम हलकं वाटलं. घरी येईपर्यंत.

कळपात आबा वाट बघत उभे होते.

"बाईनं तपासलं तुला? सांबराला? आणि नळ्या कसल्या? आमच्या वेळी असल्या नळ्या नव्हत्या!"

"मग आबा, तुमच्या वेळी तुमच्या मंडळी, आमच्या आत्याबाई, जन्मभर कशाचा काढा पीत होत्या?" चांगुणानं विचारलं.

सगळा कळप गवत बघू लागला.

"हिला बोलायला कुणी शिकवलं?" आबा गरजले.

दौलूनं एवढंच म्हणायचं होतं, 'मी उपचार घेतोय.' तो म्हणाला, "आबा म्हणतात तेच बरोबर."

आबांनी त्याला कोल्ह्याच्या तंबूत नेलं. वाटेतल्या प्रत्येक झाडावर कोल्ह्यानं रंगवून ठेवलं होतं, 'निराश होऊ नका, एकदाच भेटा.' कोल्ह्यानं नाडी बघितली नाही. शिंगं मोजली.

"एवढी शिंगं आणि आजार? छे! जरा गरमी कमी पडलीय. ही पुडी घ्या. उसाच्या रसातून."

"पण आबा, औषध घेतलं की शिंगं..."

"हे औषध नव्हे रे. ही ताकद आहे."

दौलू ताकद घेत राहिला. उसाच्या रसातून. नरांच्या वार्षिक झुंजीच्या दिवशी सगळ्या कळपासमोर तो चार ढांगा धावला आणि कोसळला. चांगुणानं साळिंदरबाईंना हाका मारल्या. बाई धावत आल्या, पण काळीज थांबलं होतं.

"पायगुण," आबा चांगुणाकडे बघून म्हणाले.

चांगुणानं काढ्याचं मडकं त्यांच्या खुरांवर फोडलं आणि ती कळप सोडून गेली. नंतर दोनतीन नर साळिंदरबाईंकडे गेले. आडवाटेनं, तोंड लपवून.

दौलूची शिंगं आता वडाला टांगली आहेत. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "बघा, काय मर्द होता!"

तात्पर्य : सांबर मेलं तरी चालेल, शिंगं शाबूत हवीत. वडीलधाऱ्यांना मिरवायला तेवढीच लागतात.