वर्गाचा विचार चालू आहे

मुलांच्या शिक्षणाचा निर्णय घाईने घेऊ नये, याबद्दल सुज्ञ लोकांत दुमत नाही. मारोतरावांनी हे तत्त्व अठरा वर्षे पाळले. पंच्याऐंशी सालच्या मार्चमधल्या एका बुधवारी संध्याकाळी, हुडकेश्वरच्या आपल्या घरासमोर सायकलच्या चेनला तेल देताना त्यांनी ते पुन्हा एकदा स्पष्ट केले.

त्यांची मुलगी सुभद्रा नुकतीच पालकसभा आटोपून आली होती. ती आता शिक्षिका होती. वाचनात मागे असलेल्या मुलांचा शाळा सुटल्यावर तासभर वर्ग घ्यावा, असे तिने सुचवले होते, आणि पालकांनी एकमुखाने 'विचार करून सांगतो' असे उत्तर दिले होते.

"बरोबरच आहे त्याइचं," मारोतराव म्हणाले. "घाई काहून? तुह्या वर्गाचं तरी म्या अजून ठरवलं काय?"

"बाबा, मी सव्वीस वर्षांची झाली."

"म्हणूनच म्हणतो. विचार करून राहिलो वं."

सुभद्रा हसली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडले, तेवढ्यात आतून आईने, जिजाबाईंनी, दूध उतू गेल्याची बातमी दिली आणि विषय उद्यावर गेला. (उद्या ही सोय सर्व थरांतील नागरिकांना विनामूल्य उपलब्ध आहे.)

मूळ प्रकरण सदुसष्ट सालचे, सुभद्रा तिसरीत असतानाचे. वस्तीतल्या शाळेचे हेडमास्तर कृष्णकांत गुरुजी यांनी तिसरीतल्या कच्च्या मुलांसाठी शाळेनंतर फुकट वाचनवर्ग जाहीर केला. भर सभेत त्यांनी कच्च्यांची नावे वाचून दाखवली, ही पहिली चूक. फुकट म्हणाले, ही दुसरी.

"फुकट काहून देऊन राहिले गा?" किराणावाले रुपराव यांनी विचारले. (त्यांच्या दुकानात फुकट मिळणारी वस्तू खाण्याजोगी नसे. प्रश्न अनुभवातून आला होता.)

"दिवसभर जे शिकवता नाही आलं, ते संध्याकाळी कसं येईन?" रुखमाबाईंनी मुद्दा मांडला. "सकाळी मास्तर झोपून राहतात काय?"

ज्यांच्या मुलांची नावे आली ते चिडले. ज्यांची आली नाहीत तेही चिडले.

"आमच्या पोराले काहून वगळलं?" ताराचंद टेलर टेबलावर हात आपटून म्हणाले. "आमचं पोरगं काय कमी कच्चं आहे?"

गुरुजींनी त्याचेही नाव घातले. मग उरलेल्यांना गप्प बसवेना. सभा संपेपर्यंत अख्खी तिसरी कच्ची ठरली, त्यात पहिला नंबर काढणारा मुलगाही आला. शिक्षणातली समता इतक्या थोड्या वेळात अन्यत्र आली असल्यास माहिती नाही.

पुढे उपसमिती नेमली गेली. एक सभासद वर्गाच्या बाजूचा, एक विरोधातला, आणि समतोल राहावा म्हणून एक ऐकू न येणारा. पहिल्या बैठकीत दुसरी बैठक घ्यायचे ठरले. अंतिम आकडेवारी अशी: शेकडा नव्वद पालकांचा विचार चालू, शेकडा आठ घरी विचारून सांगणार, उरलेले शेकडा दोन म्हणजे धोंडबा, जो सभेला आलाच नव्हता. इतका गहन प्रश्न उपस्थित झाल्याचे ठाऊक नसल्यामुळे धोंडबाची मुलगी सरळ वर्गात जाऊन बसली आणि वाचायला शिकली. समितीने हा प्रकार नियमबाह्य ठरवला.

मारोतराव समितीवर विसंबणारे नव्हते. ते हिंगण्याला एका कारखान्यात फिटर होते; मशीन स्वतः उघडून पाहिल्याशिवाय बिघाड मान्य करत नसत. पोरगी खरोखर कच्ची आहे काय, याची चौकशी आधी व्हायला हवी. म्हणून रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की ते सुभद्रेला सायकलच्या दांडीवर बसवत आणि सक्करदऱ्यापर्यंतच्या भिंती वाचायला लावत.

भिंतींचा अभ्यासक्रम सर्वांगीण होता. 'येथे पोस्टर चिकटवू नये' (हे पोस्टरच्या कडेने जेवढे दिसे तेवढे). 'भरघोस मतांनी विजयी करा'. 'मूळव्याध, भगंदर, शर्तिया इलाज'. सुभद्रा अडली की मारोतराव एक पाय जमिनीवर टेकून थांबत. रागावत नसत, सांगतही नसत. ती अक्षराशी झटे आणि ते रुमालाने घंटी पुसत राहत.

"लोक पाहून राहिले बाबा."

"पाहू दे. भिंत कुठी पळून चालली? घाई काहून?"

चौथीच्या परीक्षेत तिने 'माझी गाय' या विषयावर लिहिले, की आमची गाय भरघोस दूध देते आणि तिला मूळव्याध नाही. गुरुजींनी पूर्ण गुण दिले. तरी चौकशी मिटली नाही. निवडणुका येत, भिंती नव्याने रंगत, नवा पुरावा तपासणे भाग पडे. सातवीत सुभद्रा दांडीवर मावेनाशी झाली, तेव्हा ती कॅरिअरवरून वाचू लागली. पुढे तिने शहरातल्या वाचनालयाची कपाटेच्या कपाटे संपवली. वर्गाचा निर्णय मात्र प्रलंबित राहिला.

त्या बुधवारनंतरच्या गुरुवारी सकाळी कंपनीची बस आली, तेव्हा मारोतराव थांब्यावर भिंतीला टेकून बसलेले होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

मारोतरावांची तेरवी झाल्यावर नातलगांनी सायकल विकून टाकायचा सल्ला दिला. सुभद्रेने विचार करून सांगते म्हटले, आणि सायकल काढून ती सक्करदऱ्याला गेली. शेवटच्या भिंतीला नवा चुना लागला होता. शिडीवर चढून एक पेंटर साबणाची जाहिरात रंगवत होता. चुन्याखालून जुना 'भगंदर' अजून पुसटसा दिसत होता. तिने एक पाय जमिनीवर टेकला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तो वर्ग नाही लागत मले. मले वाचाले तुम्हीच शिकवलं."

पेंटर वळला. "काही चुकलं काय बाई?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

'तुम्हीच शिकवलं' हे वाक्य अठरा वर्षे विचाराधीन होते. आपण हा मजकूर इथवर वाचलात, त्या अर्थी आपल्यालाही कुणीतरी वाचायला शिकवले असणार. त्यांना तसे सांगण्याबाबत आपला विचार चालू असेलच. चालू द्या. घाई काहून?